मीठ लावलेली कैरी, सलाईनची बाटली आणि मान टाकलेली तंबाखू : पेशीच्या पटलातनं काय कसं आत-बाहेर जातं

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता फर्स्ट पीयूसी (कर्नाटकातली अकरावी) सायन्स, सगळं इंग्लिशमधनं. प्रश्न थोडक्यात असा, की "सर, डिफ्युजन, ऑस्मोसिस, फॅसिलिटेटेड, ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट सगळ्याच्या व्याख्या पाठ आहेत, पण प्रश्न जरा फिरवून आला की काहीच सुचत नाही. आई कैरीला मीठ लावते तर पाणी सुटतंय, मग सलाईनमध्ये पण मीठच असतंय की, त्यानं माणूस का सुकत नाही? आणि झाडाच्या पेशीत आणि प्राण्याच्या पेशीत नेमका फरक काय लिहायचा?"

बाळ, प्रश्न लई चांगला आहे आणि तुझ्या एकटीचा नाही. मी पीयू कॉलेजात सत्तावीस वर्षं बायोलॉजी शिकवतोय, दरवर्षी मराठी मीडियमची निम्मी पोरं इथंच अडकतात, आणि ती हुशार नसतात म्हणून नाही, तर त्यांना चार व्याख्या चार वेगवेगळ्या खोक्यात भरून दिलेल्या असतात म्हणून. त्यात एनसीईआरटीनं २०२२ साली पुस्तक कमी करताना अकरावीतला वनस्पतींमधल्या वहनाचा अख्खा पाठच काढून टाकला, त्यामुळं पाण्याचा हिशोब कुठं नीट वाचायलाच मिळत नाही. तर व्याख्या जरा बाजूला ठेव. कुठलाही पदार्थ पटलातनं जातोय असा प्रश्न आला की स्वतःला एवढंच विचार, उतार कुठल्या बाजूला आहे, म्हणजे जास्त कुठं आणि कमी कुठं, त्या पदार्थाला पटलात दार आहे का, आणि चढ चढायचा असेल, म्हणजे कमीकडनं जास्तीकडं जायचं असेल, तर ऊर्जेचा खर्च कोण करतंय. उतार, दार, खर्च. कैरी, सलाईन, शेतातलं पीक सगळं ह्यातच सुटतं, आपण एकेक करून बघू.

आधी पटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, मेम्ब्रेन. पोरांच्या डोक्यात पटल म्हणजे चाळण असते, बारीक ते गळतं आणि मोठं ते अडतं. तसं असतं तर सोडियमचा आयन (चार्ज असलेला कण) सहज आत गेला असता, तो किती बारका! पण तो अडतो, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा कॉर्टिसोलसारखा हार्मोनचा रेणू खुशाल आरपार जातो. कारण पटल हे तेलाचं आहे. १९२५ साली गोर्टर आणि ग्रेंडेल ह्या दोघांनी रक्तातल्या लाल पेशींची सगळी चरबी काढून पाण्यावर पसरवली आणि मोजली, तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली, म्हणजे पटलात चरबीचे दोन थर आहेत. जाडी म्हणशील तर सात-आठ नॅनोमीटर, एक मिलिमीटर भरायला सव्वा लाख पटलं एकावर एक रचावी लागतील. तेलाला जे आवडतं ते सरळ जातं, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल, स्टेरॉइड. तेलाला जे आवडत नाही, म्हणजे ज्याच्यावर चार्ज आहे किंवा जे पाण्याला चिकटून राहतं, सोडियम, पोटॅशियम, नायट्रेट, ग्लुकोज, त्याला प्रोटीनचं दार लागतं. १९७२ ला सिंगर आणि निकोल्सननी जे फ्लुइड मोझॅइक मॉडेल मांडलं ते हेच, तेलात तरंगणारी प्रोटीनची दारं.

आता पाणी. पाणी तेलातनं थोडंफार झिरपतं, पण भराभर जायला त्यालाही दार लागतं आणि हे दार सापडायला १९९२ उजाडलं. पीटर आग्रे रक्तपेशींमधलं वेगळंच एक प्रोटीन शोधत होता, त्यात हे दुसरं प्रोटीन सारखं मिसळून यायचं. मग त्यांनी काय केलं, तर बेडकाची अंडी घेतली. बेडकाचं अंडं तळ्याच्या पाण्यात पडून असतं तरी फुगून फुटत नाही, कारण त्याच्या पटलाला पाण्याची दारं जवळजवळ नसतातच. त्या अंड्यात ह्या प्रोटीनचा आरएनए, म्हणजे ते बनवायची चिठ्ठी, टोचला, अंड्यानं ती दारं तयार करून पटलात बसवली, आणि मग ते साध्या पाण्यात टाकल्यावर काही मिनिटांत फुगून फुटलं! ह्या दाराचं नाव ॲक्वापोरिन. एकेका दारातनं सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात, एकामागं एक रांगेत, आणि तरी प्रोटॉन (हायड्रोजनचा आयन) त्यातनं जाऊ शकत नाही. आग्रेला २००३ चं नोबेल मिळालं. अंड्याचा हा प्रयोग मी दरवर्षी सांगतो कारण ह्यात उतार पहिल्यापासनं होताच, फक्त दार नव्हतं, आणि दार मिळाल्याबरोबर काय झालं ते दिसतं.

डिफ्युजनबद्दल फार सांगत नाही, जास्तीकडनं कमीकडं, फुकटात. फक्त एक चूक करू नको, दोन्हीकडं सारखं झालं की डिफ्युजन थांबतं असं लिहू नको. रेणू तेव्हाही इकडनं तिकडं, तिकडनं इकडं जातच असतात, फक्त दोन्हीकडचा हिशोब सारखा असतो म्हणून फरक दिसत नाही. आमच्या वर्गात एका पोरानं बरोबर विचारलं होतं, "सर, म्हणजे दोन्हीकडनं चालूच असतंय व्हय?" व्हय, चालूच असतंय. आणि फॅसिलिटेटेड म्हणजे उतार तोच, खर्च शून्यच, पण दारातनं. दारं दोन जातीची, एक चॅनेल, उघडलं की रांगच्या रांग जाते, आणि दुसरं कॅरिअर, जे एकेकाला धरतं, वळतं, पलीकडं सोडतं. कॅरिअरचं आपल्या निपाणी-बेळगाव बससारखं असतं, स्टँडवर माणसं दुप्पट झाली म्हणून बस दुप्पट माणसं नेत नाही, भरली की भरली. म्हणून ग्राफमध्ये साध्या डिफ्युजनची रेघ सरळ वर जाते आणि कॅरिअरची वर जाऊन आडवी होते. हा ग्राफ देऊन नावं विचारायची पद्धत आहे, नीट बघून ठेव.

आता तुझी कैरी. आईनं फोडी केल्या, मीठ-हळद लावून रात्रभर झाकून ठेवल्या, सकाळी बघितलं तर भांड्यात पाणी. आपण म्हणतो मिठानं पाणी ओढलं. बोलायला ठीक आहे, पण मीठ काही ओढत नाही. फोडीच्या बाहेर मिठाचं घट्ट द्रावण आहे, तिथं मोकळे पाण्याचे रेणू कमी, आत जास्त, म्हणजे पाण्याचा उतार बाहेरच्या बाजूला. पाण्याला दार आहे, मिठाला नाही. म्हणून पाणी बाहेर. झालं ऑस्मोसिस, मराठीत परासरण. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पण आता माझा प्रश्न, मिठाला दार नाही म्हणतो आपण, मग आठ-पंधरा दिवसांनी लोणच्याची फोड आतपर्यंत खारट कशी लागते?

हा प्रश्न मी फळ्यावर लिहितो आणि गप्प बसतो. बहुतेक जण म्हणतात हळूहळू डिफ्युजन झालं. अर्धं बरोबर आहे. खरं म्हणजे पेशी मेल्या. एवढ्या मिठात पाणी गमावून पेशी मरते, आणि मेलेल्या पेशीचं पटल पटल राहत नाही, फाटतं, त्याची निवड करायची ताकद जाते, मग मीठ आत शिरतं आणि तिखट-मोहरीचा स्वादही आत शिरतो. लोणचं मुरणं म्हणजे पटल गेल्यानंतर चालणारं साधं डिफ्युजन. आणि त्याच घट्ट मिठात बुरशी-बॅक्टेरियाचंही पाणी बाहेर जातं म्हणून लोणचं टिकतं.

विश्वास बसत नसेल तर घरात बीट असेल ते घे. सोलून जाड फोडी कर, नळाखाली खळखळून धू म्हणजे चिरताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईल. दोन ग्लास. एकात गार पाणी, एकात उकळतं. दोन्हीत फोडी टाक आणि दहा मिनिटं थांब. गार पाण्यातल्या फोडीभोवती जेमतेम गुलाबी छटा येते, गरम ग्लास मात्र लालभडक होतो. रंग तोच, उतार तोच, पण बिटाचा रंग पेशीच्या मधल्या मोठ्या पिशवीत, व्हॅक्युओलमध्ये असतो, त्याला बाहेर यायला दोन पटलं ओलांडायची असतात आणि दोन्हीत त्याला दार नाही. उकळत्या पाण्यानं दोन्ही पटलं मोडली. जिवंत पटल म्हणजे काय हे मला स्वतःला पुस्तकापेक्षा ह्या बिटानं जास्त शिकवलं.

कॉलेजात रिओचं पान मिळतं, कुंडीत असतंय बघ, वरनं हिरवं आणि खालनं जांभळं. त्याचा जांभळ्या बाजूचा पापुद्रा सोलायचा, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, कव्हर स्लिप. मायक्रोस्कोपखाली जांभळ्या फरशा बसवल्यासारख्या पेशी दिसतात, कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत भरलेल्या. आता कव्हर स्लिपच्या एका कडेला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला ब्लॉटिंग पेपरचा तुकडा लावायचा, तो पाणी शोषतो तसं मीठपाणी खालनं सरकत येतं. डोळा हलवायचा नाही. दोन-तीन मिनिटांत आधी कोपरे रिकामे होतात, मग जांभळा रंग भिंतीपासनं सुटून आत-आत आकसत येतो, आणि भिंत मात्र जिथल्या तिथं, चौकट तशीच. ह्याला प्लाझ्मोलिसिस म्हणतात, रससंकोच. आता भिंत आणि आकसलेलं पटल ह्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत काय असतं? हवा नाही, मिठाचं पाणी. कारण झाडाच्या पेशीची भिंत सेल्युलोजची, ती पाण्यालाही अडवत नाही आणि मिठालाही नाही. अडवतं ते पटल. हा एक मार्काचा प्रश्न पोरं हमखास चुकतात. आणि लगेच साधं पाणी सोडलंस तर रंग परत पसरून चौकट भरते, उशीर केलास तर नाही, कारण तोपर्यंत कैरीचं झालं ते झालेलं असतं.

ह्या भिंतीतच तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. झाडाची पेशी साध्या पाण्यात ठेवली तर पाणी आत येतं, पेशी फुगते, भिंतीवर रेटते, भिंत उलट रेटते, आणि एका ठिकाणी येऊन पाणी आत जायचं थांबतं. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षा जास्त असू शकतो, कोथिंबिरीची ताजी जुडी ताठ उभी राहते ती ह्या दाबावर. म्हणून झाडाच्या पाण्याचा हिशोब करताना नुसतं आत मीठ-साखर किती हे बघून चालत नाही, दाब पण धरावा लागतो. एक गणित देतो. पाण्याचा उतार मोजायचं माप म्हणजे वॉटर पोटेन्शियल, त्यात विरघळलेल्या मालाचा वाटा (सोल्युट पोटेन्शियल) उणे धरतात आणि दाबाचा वाटा अधिक. पेशीचं सोल्युट पोटेन्शियल उणे ०.८ मेगापास्कल (दाबाचं एकक), आतला दाब अधिक ०.५. ती पेशी उणे ०.५ च्या साखरेच्या द्रावणात उघड्या भांड्यात ठेवली. पाणी कुठं जाईल? घाईत सगळे म्हणतात आत ०.८, बाहेर ०.५, आत जास्त घट्ट, म्हणून पाणी आत. चूक. पेशीचं एकूण वॉटर पोटेन्शियल उणे ०.८ अधिक ०.५ म्हणजे उणे ०.३, बाहेरचं उणे ०.५ (उघडं भांडं, जादा दाब नाही), पाणी जास्तीकडनं कमीकडं, उणे ०.३ कडनं उणे ०.५ कडं, म्हणजे बाहेर. द्रावण आतलं घट्ट असूनसुद्धा बाहेर! हे एकदा हातानं सोडव, मग परत विसरणार नाहीस.

आता सलाईन. प्राण्याच्या पेशीला भिंत नाही. लाल रक्तपेशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकली तर पाणी आत येतं, रेटायला कोणी नाही, पेशी फुटते. घट्ट मिठात टाकली तर आकसून काटेरी होते. सलाईनमध्ये मीठ असतं ०.९ टक्के, लिटरला ९ ग्रॅम, आणि हे माप रक्ताशी जुळवून काढलेलं आहे, त्यामुळं पाण्याला उतारच राहत नाही, ना आत ना बाहेर. आयसोटॉनिक. पेशी होती तशी राहते आणि रक्तवाहिनीत पाणी-मीठ वाढतं एवढंच. कैरीला लावलेलं मीठ आणि सलाईनमधलं मीठ एकच आहे बाळ, उतार वेगळा.

पण थांब, इथं एक खोल गोष्ट आहे आणि पुस्तक ती एका ओळीत उरकतं. पेशीच्या आत प्रोटीन, फॉस्फेट असा बराच माल असा असतो की जो बाहेर जाऊच शकत नाही. बाहेर सोडियम भरपूर आणि ते थोडं थोडं आत गळतच असतं. असंच चालू राहिलं तर आतला माल वाढत जाणार, मागोमाग पाणी येणार, आणि भिंत नसलेली पेशी सलाईनमध्येसुद्धा हळूहळू फुगून फुटणार. मग ती फुटत का नाही? कारण ती रात्रंदिवस सोडियम उपसून बाहेर टाकते. विहिरीत झरा आहे आणि मोटर सारखी चालू आहे असं समज. ही मोटर म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप, एका एटीपीच्या (पेशीतलं ऊर्जेचं नाणं) खर्चात तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दोन्ही चढावर. डेन्मार्कच्या येन्स स्कौनं ती १९५७ साली शोधली, खेकड्याच्या पायातल्या नसांमधनं. तुमच्या खानापूरकडं पावसाळ्यात ओढ्याला खेकडे धरतात, पुढच्या वेळी नांगी फोडताना आठवण कर, ह्याच्याच भाऊबंदाच्या नसेतनं १९९७ चं नोबेल निघालं. तू आत्ता नुसती बसून हे वाचतेस तरी तुझ्या शरीराच्या खर्चाचा पाचवा हिस्सा तरी ह्या उपशावर जातोय. ऑक्सिजन तुटला की एटीपी तुटतो, मोटर बंद पडते, पेशी फुगायला लागते, मेंदूला रक्त कमी पडलं की सूज येते त्यामागं एक मोठं कारण हेच.

आणि हा पंप नुसता उपसा करत नाही, तो उतार तयार करून ठेवतो, जो दुसऱ्या कामाला वापरता येतो. म्हणजे बाहेर सोडियम जास्त, आत कमी, आत यायला सोडियम टपलेलंच आहे. आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे की सोडियम एकटं आलं तर उघडत नाही, ग्लुकोज बरोबर घेऊन आलं तरच उघडतं. सोडियम उतारावरनं येतं आणि ग्लुकोजला हाताला धरून चढावर आत आणतं. ह्याला सेकंडरी ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट म्हणतात, एटीपी इथं थेट लागत नाही पण पंपानं आधी खर्च केलेला असतो. रॉबर्ट क्रेननं १९६० साली प्रागला ही कल्पना मांडली, आणि ह्या एका दारानं जगात जेवढे जीव वाचवले तेवढे क्वचितच कशानं वाचवले असतील. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीतली क्लोराइडची दारं उघडी पाडतं, क्लोराइडमागं सोडियम, मागनं पाणी, माणूस काही तासांत कोरडा पडतो. पण सोडियम-ग्लुकोजचं जोडीचं दार त्या विषानं बिघडत नाही! म्हणून मीठ आणि साखर दोन्ही ठरावीक मापात पाण्यातनं दिलं की ते त्या दारातनं आत जातात आणि पाणी मागोमाग जातं. नुसतं मीठपाणी देऊन हे होत नाही, नुसतं साखरपाणी देऊनही नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी पिंपात मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मिसळून लोकांच्या हातात दिलं, मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं.

माप का महत्त्वाचं ते घरचंच सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाला जुलाब लागले होते, दोन वर्षांचं पोर. ओआरएसचं, म्हणजे ह्याच मीठ-साखरेच्या मिश्रणाचं, पाकीट आणलेलं, एक लिटरचं, आणि घरच्यांनी अख्खं पाकीट एका ग्लासात घोळवून थोडं थोडं पाजलं, घट्ट म्हणजे ताकदीचं असं वाटून. जुलाब थांबेनात, उलट वाढले, पोराची जीभ कोरडी. मी गेलो तेव्हा ओट्यावर तो ग्लास बघितला आणि पोटात गोळाच आला. हिशोब कर, एक लिटरला ओआरएसची घट्टता २४५ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप), २०० मिलीच्या ग्लासात पाचपट, १२२५. रक्ताची २९० च्या आसपास. म्हणजे आतड्यात रक्तापेक्षा चौपट घट्ट द्रावण ओतलं, पाण्याचा उतार उलटा झाला, शरीरातलं पाणी आतड्यात यायला लागलं. कैरीचंच झालं की! लगेच नवीन पाकीट मोजून एक लिटर पाण्यात केलं, चमच्या-चमच्यानं पाजत डॉक्टरांकडं नेलं, पोर वाचलं. तेव्हापासनं हा पाठ शिकवताना पाकिटावरचं माप मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, जास्त नाही. आणि मूल सुस्त पडलं असेल, लघवी होत नसेल तर घरी बसायचं नाही, दवाखाना.

आता झाडाकडं. झाडाचा मुख्य पंप सोडियमचा नाही, प्रोटॉनचा. एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर टाकायचे, आत उणे चार्ज राहतो, प्राण्याच्या नसेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतं तर झाडात उणे १२० ते उणे २०० पर्यंत जातं, आणि मग त्या प्रोटॉनच्या उतारावर नायट्रेट, साखर, बाकी सगळं आत ओढायचं. आतड्यात सोडियमनं ग्लुकोजला धरून आणलं तसं मुळांमध्ये प्रोटॉन नायट्रेटला धरून आणतात. फरक विचारला तर हे लिही, प्राण्यात सोडियम पंप, झाडात प्रोटॉन पंप, प्राण्याला भिंत नाही म्हणून फुटू नये म्हणून सतत उपसा, झाडाला भिंत म्हणून फुगून ताठ राहणं परवडतं. नुसतं "वनस्पतीत पेशीभित्तिका असते" एवढं लिहून मार्क मिळतील पण कळलेलं नसेल.

मी निपाणीकडचा, वेदगंगेच्या काठाला आमची थोडी जमीन, वडील तंबाखू करायचे. लहानपणी एक गोष्ट बघून मला कधी उलगडा व्हायचा नाही. परतीचा पाऊस दणकून पडायचा, सरीत पाणी तुंबायचं, दुसऱ्या दिवशी कडक ऊन, आणि दुपारपर्यंत अख्खी तंबाखू मान टाकायची. पायाशी पाणी आणि झाड तहानेनं सुकलंय! वडील म्हणायचे, "मुळं गुदमरल्यात, चर काढा." कुदळ घेऊन आम्ही पाणी काढून द्यायचो. त्यांचा शब्द शंभर टक्के बरोबर होता हे मला एमएस्सीला कळलं. तुंबलेल्या पाण्यात ऑक्सिजन नाही, मुळाच्या पेशी श्वास घेऊ शकत नाहीत, आतलं आम्ल वाढतं, आणि ते आम्ल वाढलं की ॲक्वापोरिनची दारं मिटतात. तीच दारं, बेडकाच्या अंड्यातली. बाहेर पाणी भरपूर, उतार आतल्या बाजूलाच, पण दार बंद, आणि वरनं ऊन पानातलं पाणी नेतच असतं.

तुंबलेलं पाणी जास्त दिवस राहिलं तर दुसरी गोष्ट होते. २०१९ च्या महापुरात दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेकाठचा ऊस कित्येक दिवस पाण्यात होता, पाणी उतरल्यावर जो उभा राहिला तो पिवळा पडला. लोक लगेच युरिया टाकायला धावले. काही खत वाहून गेलेलं असतं हे खरं, पण मुळाला एटीपीच मिळत नसेल तर प्रोटॉन पंप बंद, आणि पंप बंद तर पायाशी नायट्रेट असलं तरी आत कोण नेणार? आधी निचरा, मुळाला हवा, पांढरी मूळ दिसायला लागली की मग खत. वाफसा येऊ दे म्हणतात ते ह्यासाठीच.

आणि मीठफुटीची जमीन. चिकोडी, रायबाग, अथणीकडं नदीकाठाला उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, उन्हाळ्यात वरती पांढरा थर दिसतो. मातीच्या अर्काची ईसी (विद्युतवाहकता, क्षार जास्त तशी ही जास्त) ४ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. तिथं ओल असते, पण मातीतल्या पाण्यात क्षार इतके की बाहेरचं वॉटर पोटेन्शियल खाली गेलेलं, मुळाला उतारच मिळत नाही. इथं दार उघडं आहे पण उतार गेला, तंबाखूच्या बरोबर उलटं. बुंध्याला चिकटून मूठभर युरिया टाकल्यावर वांग्याचं रोप करपतं तेही हेच. आणि एक कळकळीनं सांगतो, अशा जमिनीत सरसकट जिप्सम ओतू नका. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला हुसकून लावतं, ते चोपण जमिनीला, जिथं सोडियम जास्त आणि पीएच ८.५ च्या वर गेलाय, तिथं उपयोगी. नुसती क्षारयुक्त असेल तर चर काढून, पाणी देऊन क्षार खाली धुवून काढायचे, जिप्समचे पैसे वाया. आधी माती तपासा. तुझे अप्पा शेती करत असतील तर त्यांना हे वाचून दाखव.

मोठ्या वस्तूंचं थोडक्यात. प्रोटीन, बॅक्टेरिया असलं काही कुठल्या दारातनं जात नाही, पटलच त्याच्याभोवती वळून पिशवी करून आत घेतं किंवा आतली पिशवी पटलाला मिळून बाहेर रिकामी होते, इन्सुलिन रक्तात असंच येतं. ह्यालाही एटीपी लागतो. पांढरी पेशी बॅक्टेरिया गिळते तो ह्यातलाच प्रकार. झाडाच्या पेशीला भिंतीमुळं असं बॅक्टेरिया गिळता येत नाही, त्याऐवजी शेजारच्या दोन पेशींमध्ये भिंतीतनं आरपार बारीक बोळ असतात, प्लाझ्मोडेस्माटा, बराच माल पटल न ओलांडता त्यातनं जातो.

राहिला तुझा परीक्षेचा प्रश्न. टेबल कर, पण पहिल्या रकान्यात व्याख्या लिहू नको, उदाहरण लिही, कैरी, बीट, रिओ, लाल पेशी, ओआरएस, तंबाखू, मीठफुटीचा ऊस, आणि प्रत्येकापुढं उतार कुठं, दार कुठलं, खर्च कुणाचा एवढं भर. ओआरएसच्या ओळीत खर्चाच्या रकान्यात काय लिहिलंस ते मला कळव, कारण दारावर खर्च नाही आणि पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडच्या पटलात, सोडियमचा पंप चालूच आहे. तिथं निम्मा वर्ग शून्य लिहून मोकळा होतो.